चेंडू हवेत

बेरिकला समुद्र आहे, नदी आहे, तीन जुने पूल आहेत.
रेंज नव्हती.

म्हणजे होती, पण केअर होमच्या मागे,
कचऱ्याच्या निळ्या डब्यापासून चौथ्या फरशीवर,
गावच्या तटाकडे तोंड करून उभं राहिलं तर.
एक काडी. कधी दीड.
तिथं माझा पंधरा मिनिटांचा ब्रेक.
इथं दुपारचे पावणेचार,
बार्शीत सव्वाआठ,
आणि मावशीचा फोन घेऊन बसलेला वर्धन
बॉलिंगला.

मला क्रिकेट येत नाही.
बोट कधी दाबायचं तेवढं त्यानंच शिकवलं:
"आई, चेंडू पिवळा झाला की."
चेंडू बार्शीहून निघायचा
आणि खेळपट्टीच्या मधोमध थांबायचा, हवेत.
वर लाल अक्षरांत पिंग, नऊशे चाळीस.
बॅट्समनचा पाय उचललेलाच,
अंपायर वाकलेलाच,
हजारो प्रेक्षक तोंड उघडून गप्प.
"अडकलं," तो म्हणायचा.
"अडकू दे. जेवलास का?"

आवाज तुटक यायचा, पण यायचा.
त्या थांबलेल्या चेंडूखाली मला कळलं
की भेंडीचा डबा शाळेतून तसाच परत आला,
विज्ञानाच्या सरांनी दाढी काढली
आणि आता ते ओळखूच येत नाहीत,
बूट चार नंबरचे लागतात,
मावशी रात्री कुणाशीतरी हळू बोलते.
"कुणाशी रे?"
तेवढ्यात चेंडू यायचा
आणि मी आउट.

सप्टेंबरात नोटिस लागली.
थ्रीजी बंद, मनोऱ्यावर नवी यंत्रं,
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
पिवळी क्रेन आली.
पट्ट्यांनी बांधलेली दोन माणसं
वर राखाडी पेट्या बसवत राहिली दिवसभर.
मिस्टर रेनिक खिडकीशी बसून बघत होते.
पूर्वी टेलिफोन खात्यात होते, खांबावर चढायचे.
आता त्यांचा चमचाही मी धरते.
"त्याचा डावा पाय चुकतोय," म्हणाले.
दिवसभरात तेवढंच.
पण सूप सगळं संपवलं.

गुरुवारपासून सगळ्या काड्या.
पिंग एकशे साठ, हिरवं.
चेंडू सुटला की आलाच.
पिवळा कधी होतो ते कळेचना.
आउट. आउट. परत आउट.
"काय भारी चालतंय की आई!"
"हो ना. जेव..."
"थांब, बॉल टाकतोय."
अकरा वेळा.
मग म्हणाला, "तुझ्याबरोबर मजा नाही गं येत.
कौशलच्या टीमला एक जण कमी आहे. जाऊ?"
जा म्हटलं.
ब्रेकची चार मिनिटं उरली होती.
मी भरलेल्या काड्या बघत उभी.

कंपनीचा मेसेज आला:
नव्या नेटवर्कला किती गुण द्याल, एक ते पाच?
मी तीन दाबलं.
का, ते कुणी विचारलं असतं
तर सांगता आलं नसतं.

काल ब्रेकला मी तटाकडे चालत गेले.
तटाखालून एक वाट जाते, दगडी बोगद्यातून.
भिंत पुरुषभर जाड, आत ओल,
कुणीतरी टाकलेला चिप्सचा कागद.
चार काड्या, तीन, एक.
मानेवर पाण्याचा थेंब पडला.
"एकच मॅच," त्याला म्हटलं, "मग जा कौशलकडं."
तो कंटाळलेलाच होता.
त्याच्या बॉलरनं धाव घेतली, हात फिरवला

आणि चेंडू हवेत.

"अडकलं का?"
मी आणखी एक पाऊल आत सरकले.
"अडकलं बघ," म्हटलं.
थोडा वेळ तिकडून काही नाही, नुसती खरखर.
मग ताट सरकवल्याचा आवाज.
"आई,
मावशीनं ना आज परत भेंडीच केलीय."